बाटलीत बंद केलेला वैशाख

परवा इफ्तारला आमच्या इमारतीतली चार घरं एकत्र बसली होती. खजूर, कापलेली फळं, कांदाभजी आणि प्रत्येकाच्या पुढ्यात आमरसाची छोटी वाटी. समोरच्या ब्लॉकमधल्या काकांनी पहिला चमचा तोंडात घातला आणि माझ्याकडे बघितलं. “मॅडम, फाल्गुनात हापूस? अजून पेटीला हात लावायची सोय नाही!”

“काका, हा गेल्या मे महिन्यातला आहे,” मी म्हटलं.

“फ्रीजरमधला?”

“नाही, कपाटातला.”

‘कपाटातला’ म्हटल्यावर चमचा हवेतच थांबला. नऊ-दहा महिने कपाटात आणि खराब झाला नाही? काकांनी वाटी संपवली, पण जाता जाता हाच प्रश्न पुन्हा विचारला. नंतर दोघी-तिघींनी फोन करून ‘कसं करायचं ते सांगा’ म्हटलं. म्हणून आज हे लिहिते आहे. ते करताना मी दोनदा चुकले. त्यातली दुसरी चूक एखाद्याच्या जिवावर बेतली असती. तीही सांगणार आहे.

रमजान सरकतो, आंबा सरकत नाही

रमजानचा महिनाही चंद्रावर चालतो आणि आपला फाल्गुनही. फरक एवढाच, की हिंदू पंचांगात साधारण दर तीन वर्षांनी अधिक मास येतो आणि सण ऋतूला धरून राहतात. म्हणून पाडव्याच्या चटणीला कैरी हमखास मिळते. इस्लामी वर्षात असा जादा महिना नाही. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. २०१८ आणि २०१९ मध्ये तो मे महिन्यात होता. इफ्तारला ताजं पन्हं, ताजा आमरस, कोकमाचं सरबत, कशाचीच ददात नव्हती. आता तो फाल्गुनात आलाय. २०३० मध्ये तर एकाच इंग्रजी वर्षात दोनदा येईल, एकदा जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीला.

थोडक्यात, पुढची बरीच वर्षं रमजान आणि आंबा यांची गाठ पडणार नाही. ती आपणच घालून द्यायची, म्हणजे वैशाखातला आंबा बाटलीत भरून ठेवायचा.

नानीचं अंगण

कोकणात ‘कॅनिंग’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. डागी, लहान, पेटीत न बसणारा आंबा ‘कॅनिंगला गेला’ असं शेंबडं पोरही सांगतं. पण कारखान्यात डबे भरले जायचे, तेव्हा घरोघरी बाटल्याही भरल्या जायच्या. माझ्या नानीच्या अंगणात मे महिन्याच्या शेवटी दोन दिवस हाच उद्योग असे. सोड्याच्या जाड काचेच्या बाटल्या आधी धुऊन उकळलेल्या असत. आम्ही मुलं आंबे पिळायचो, मामी रस गाळून गरम करायची, नरसाळ्यानं तो बाटल्यांत भरायची आणि पत्र्याची बुचं हातयंत्रानं दाबून बसवली जायची. मग चुलीवरच्या मोठ्या टोपात तळाला गोणपाट, बाटल्यांच्या मधे पेंढा, वर पाणी. पाणी उकळायला लागलं की नानी असरच्या नमाजला उठायची. नमाज, दुवा, एक पान, दोन गप्पा, एवढं झालं की म्हणायची, “झालं, उतरवा.” हेच तिचं घड्याळ.

बुचं लावायचं ते यंत्र आमचं नव्हतं. शेजारच्या काकूंचं होतं. मे महिन्यात ते त्यांच्या घरून आमच्याकडे, आमच्याकडून पुढच्या आळीत, असं गावभर फिरायचं आणि पावसाच्या तोंडावर परत काकूंच्या माळ्यावर जायचं. ज्याच्या घरी यंत्र गेलं, त्या घरातून काकूंकडे एक बाटली यायची. त्याला भाडं कुणी म्हणत नसे.

नानीच्या टोपात जे व्हायचं, त्याचा शोध लावणारा माणूस फ्रान्समधला मिठाईवाला होता, हे मला फार उशिरा कळलं. निकोला अपेर त्याचं नाव. नेपोलियनच्या काळात त्यानं जाड काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, बुचं घट्ट बसवून त्या उकळत्या पाण्यात ठेवायची रीत बसवली. १८१० मध्ये फ्रेंच सरकारनं त्याला १२ हजार फ्रँकचं बक्षीस दिलं आणि त्याच वर्षी त्यानं ही कृती पुस्तकात छापली. अन्न का टिकतं, हे मात्र त्याला माहीत नव्हतं. सूक्ष्मजंतूंमुळे अन्न नासतं, हे लुई पाश्चरनं सिद्ध केलं ते त्यानंतर पन्नासेक वर्षांनी. म्हणजे अपेर आणि माझी नानी दोघंही अनुभवावर चालत होते. फरक एवढाच, की नानीनं बाटलीत आंब्याशिवाय दुसरं काही भरलं नाही. या फरकाचं मोल मला नंतर समजलं.

पहिली चूक : सरबताची शराब

लग्नानंतर फ्लॅटमध्ये राहायला आले. ना अंगण, ना चूल, ना यंत्र. एका मे महिन्यात हौस आली. लोणच्याच्या रिकाम्या बरण्या धुतल्या, त्यांचीच जुनी झाकणं घेतली, रस गरम करून भरला आणि ठेवून दिला. ‘गरम भरलाय, झाकण घट्ट आहे, आणखी काय लागतं?’ असा माझा हिशेब.

दहाव्या दिवशी मध्यरात्री स्वयंपाकघरात धाडकन आवाज झाला. एका बरणीचं झाकण उडून ओट्याखाली गेलं होतं आणि भिंतीवर पिवळा फेस. वास थेट माडीसारखा. अम्मी त्या वेळी आमच्याकडे राहायला होती. ती उठून आली, वास घेतला आणि एवढंच म्हणाली, “सरबत नाही राहिलं हे. ओत.”

मी कॉलेजात उर्दू शिकवते. सरबत आणि शराब हे दोन्ही शब्द ‘पिणं’ या अर्थाच्या एकाच अरबी धातूपासून आले, हे वर्गात दरवर्षी सांगते. त्या रात्री यीस्टनं मला तोच धडा प्रात्यक्षिकासह दिला. झाकण नीट बसलं नव्हतं, भरल्यावर बरण्या उकळल्या नव्हत्या. आत राहिलेल्या यीस्टनं साखर खाल्ली, दारू आणि वायू तयार केला. सगळ्या बरण्या माडाच्या बुंध्याशी रिकाम्या केल्या.

तरी ही चूक प्रामाणिक होती. तिनं आवाज केला, वास दिला, फेस दाखवला. दुसऱ्या चुकीनं यातलं काहीच केलं नाही.

दुसरी चूक : खिम्याच्या तीन बरण्या

पुढच्या वर्षी काकूंना विचारून, घड्याळ लावून, नवी झाकणं आणून रस भरला आणि तो उत्तम टिकला. मग डोक्यात हवा गेली. भाचा नोकरीला दोह्याला निघाला होता. रमजान तोंडावर होता. पोराला सहेरीला घरचं काही मिळावं म्हणून मी खिमा केला, आमरसासारखाच बरण्यांत भरला, तासभर उकळला. झाकणं सुरेख बसली. तीन बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्या बॅगेशेजारी ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये फुशारकीनं ही गोष्ट सांगितली. आमच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या मॅडम डबा उघडत होत्या. त्यांनी डबा बंद केला. “मॅडम, तो निघालाय का?”

“नाही, उद्या.”

“मग आज घरी जाऊन त्या बरण्या टाकून द्या. चव बघू नका, कुणाला देऊ नका, मांजरालासुद्धा घालू नका.”

त्यांनी मला जे सांगितलं, ते असं. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जंतू मातीत सगळीकडे असतो. अन्नावर तो बीजाणूंच्या रूपात येतो. हे बीजाणू १०० अंशांच्या उकळत्या पाण्यात तासन् तास तग धरतात. उघड्या अन्नात ते सहसा काही करत नाहीत. पण हवा नसलेली, ओलसर, आंबटपणा नसलेली आणि खोलीच्या तापमानाला ठेवलेली जागा मिळाली, की ते वाढतात आणि विष सोडतात. घट्ट बंद केलेली खिम्याची बरणी म्हणजे नेमकी तशीच जागा! उकळल्यानं बाकीचे जंतू मेले, हवा गेली, म्हणजे मी त्याच्यासाठी घर रिकामं करून दिलं होतं. हे विष मज्जासंस्थेवर घाला घालतं. आधी दिसणं, बोलणं, गिळणं अवघड होतं आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबू शकतात. अगदी थोडी मात्रा पुरते. आणि वास, रंग, चव यांत काही फरक पडेलच असं नाही.

घरी आले. बरण्या हातात घेतल्या. तेलाचा तवंग, मसाल्याचा लाल रंग, बघून पुन्हा भूक लागावी अशा. आमच्याकडे पडलेला भाकरीचा तुकडाही उचलून, चुंबून बाजूला ठेवतात. रमजानच्या तोंडावर दोन किलो खिमा टाकून द्यायला हात धजेना. अम्मीनं विचारलं, “पण वास तर छान येतोय ना?” त्या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. वास छानच येत होता. शेवटी बरण्या न उघडता दोन जाड पिशव्यांत बांधून टाकल्या. भाचा दोह्याला लोणचं घेऊन गेला.

त्या बरण्यांत विष तयार झालं होतं का? कदाचित नसेलही. पण ‘कदाचित’वर दुसऱ्याच्या पोराला जेवू घालता येत नाही. माझी नियत साफ होती. नियत साफ असून भागत नाही, हे मी त्या दिवशी शिकले.

आंबटपणा हा पहारेकरी

नवशिक्यानं एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी. आंबटपणा पीएच या मापानं मोजतात. आकडा जितका कमी, तितका पदार्थ आंबट. ४.६ ही लक्ष्मणरेषा. त्याच्या खाली हा जंतू वाढू शकत नाही, म्हणून तिथं उकळतं पाणी पुरतं. त्याच्या वर उकळतं पाणी पुरत नाही.

लिंबू, कैरी, कोकम, आवळा, चिंच हे रेषेच्या बरेच खाली, म्हणजे सुरक्षित अंगणात आहेत. पिकलेला आंबा आणि टोमॅटो रेषेजवळ घुटमळतात. फळ जितकं पिकलेलं, तितका आंबटपणा कमी. म्हणून त्यांत सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्त्व घालायचंच. मटण, मासे, कोंबडी, डाळी, मटार, मका, दूध, खीर, शीरखुर्मा, हलीम हे सगळे रेषेपलीकडचे. ते घरी बरणीत भरून कपाटात ठेवायचे नाहीत. तेलात बुडवून ठेवलेला लसूणही याच यादीत येतो, तो फ्रीजमध्ये ठेवून थोड्या दिवसांत संपवावा.

“मग कुकरमध्ये शिट्ट्या काढल्या तर?” हा प्रश्न मीही विचारला होता. काही देशांत घरगुती वापरासाठी खास प्रेशर कॅनर मिळतात. त्यात वाफेच्या दाबानं तापमान ११६ अंशांच्या वर नेतात आणि कोणत्या पदार्थाला किती मिनिटं, हे तपासून ठरवलेलं असतं. आपला कुकर लवकर तापतो, लवकर निवतो. त्या वेळा त्याला लागू होत नाहीत. शिट्ट्या मोजून हा हिशेब जमत नाही. खिम्याला फ्रीजर आहे, तो पुरे.

सुरुवात पन्ह्यापासून

आंबा यायला अवकाश आहे, पण कैरी बाजारात आली आहे. पहिल्यांदाच करणार असाल तर पन्ह्याचा गर करा. कैरी मुळातच आंबट, वर साखर भरपूर. चुकायला जागा कमी. दोन-तीनच बरण्या करा.

साहित्य साधं आहे. अर्ध्या लिटरच्या, धातूचं फिरकीचं झाकण असलेल्या काचेच्या बरण्या घ्या. बाटल्यांच्या दुकानात त्या मिळतात. काठाला टवका उडालेला नको. झाकणं नवी हवीत. झाकणाच्या आत जो रबरासारखा थर असतो, तोच हवा रोखतो आणि एकदा वापरल्यावर त्यावर भरवसा नाही. माझी पहिली चूक आठवा. वजनकाटा आणि घड्याळ लागेल. चिमटा असला तर बरं.

कैऱ्या उकडून गर काढा आणि गाळून घ्या. एक किलो गराला दीड किलो साखर, चमचाभर मीठ, वेलची, हवं तर केशर. सगळं एकत्र उकळी येईपर्यंत तापवा. बरण्या गरम पाण्यात ठेवून गरम ठेवा, कारण थंड काचेत उकळता गर ओतला तर काच तडकते. गर गरम असतानाच भरा, वर अर्धा इंच जागा सोडा. सुरी फिरवून आतले हवेचे बुडबुडे काढा. काठ स्वच्छ ओल्या फडक्यानं पुसा. काठावर गराचा एक ठिपका राहिला तरी झाकण बसत नाही. झाकण हातानं बसेल तेवढंच फिरवा, जीव खाऊन आवळू नका. उकळताना आतली हवा बाहेर पडायला हवी.

मोठ्या टोपाच्या तळाला जाळी किंवा जाड फडकं घाला, बरण्या उभ्या ठेवा, झाकणांच्या वर इंचभर येईल एवढं गरम पाणी घाला. पाणी खळखळून उकळायला लागलं की घड्याळ लावा : २० मिनिटं. नानीची नमाज चालत नाही, घड्याळच हवं. महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी पाणी १०० अंशांच्या आधीच उकळतं, तिथं दहा मिनिटं वाढवा. गॅस बंद करून पाच मिनिटं थांबा, मग बरण्या काढून घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा. ओल्या थंड ओट्यावर ठेवू नका. उलट्या करू नका, झाकणं पुन्हा आवळू नका, पंख्याखाली नेऊ नका. रात्रभर हात लावू नका.

सकाळी झाकणाच्या मध्यावर बोटानं दाबून बघा. खाली ओढलेलं असेल, हलत नसेल तर बरणी बंद झाली. ‘टक’ वाजून वरखाली झालं तर ती फ्रीजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा. त्यात नामुष्की नाही, माझ्याही दहातली एखादी असतेच. बंद झालेल्यांवर तारीख लिहा, अंधाऱ्या, थंड कपाटात ठेवा आणि वर्षाच्या आत वापरा. उघडल्यावर फ्रीज. उघडताना झाकण फुगलेलं दिसलं, फेस आला, पिचकारी उडाली, तर चव न बघता टाका.

मे महिन्यात आमरस करताना हीच रीत, तीन बदल करून. एक किलो रसाला ५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, काट्यावर मोजून. रस सतत ढवळत उकळी फुटेपर्यंत तापवायचा. आणि अर्ध्या लिटरच्या बरणीला २० ऐवजी ३० मिनिटं उकळी. फार पिकलेला, गळका आंबा घेऊ नका.

कोकमाला तर चूलही लागत नाही. ताज्या कोकमाच्या साली आणि साखर थरावर थर देऊन बरणीत भरायची आणि उन्हात ठेवायची. आपलं अमृत कोकम असंच होतं. आंबटपणा आणि साखर दोघं मिळून पहारा देतात.

देताना

रमजानमध्ये बाटली एका घरात राहत नाही. शेजारी जाते, मशिदीच्या इफ्तारला जाते, दवाखान्यात असलेल्या कुणासाठी जाते. आपल्या घरात आपण आपल्या जबाबदारीवर खातो. दुसऱ्याच्या दस्तरख्वानावर ठेवलेली बरणी ही अमानत असते. समोरचा झाकण उघडून पीएच मोजणार नाही, तो तुमच्यावर विश्वास ठेवून चमचा तोंडात घालणार. म्हणून माझ्या प्रत्येक बरणीवर आता चिठ्ठी असते : काय आहे, केव्हा भरलं, उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवा. अम्मी आधी हसायची. “घरच्या रसाला दुकानासारखं लेबल?” आता तीच चिठ्ठ्या लिहिते, उर्दूत आणि मराठीत.

मराठीतला मुरंबा अरबीतल्या ‘मुरब्बा’वरून आलाय. त्या शब्दाचा मूळ अर्थ ‘जोपासलेला, वाढवलेला’ असा आहे. तरबियत, म्हणजे संस्कार, हा शब्दही त्याच कुळातला. फळ मुरवणं म्हणजे त्याला वळण लावणं, असा अर्थ मी वर्गात सांगत असे. आता वाटतं, वळण फळाला लागतं तितकंच ते भरणाऱ्या हातालाही लागतं. मोजायचं, थांबायचं, घाई करायची नाही आणि शंका आली तर दोन किलो खिम्याचाही मोह सोडायचा.

काकूंचं ते यंत्र अजून आहे. त्या आता थकल्या आहेत, माळ्यावर चढत नाहीत. मागच्या महिन्यात भेटायला गेले तेव्हा म्हणाल्या, “अगं, घेऊन जा ते. तुझ्याकडेच राहू दे आता. फक्त एका घरात ठेवू नकोस, फिरतं ठेव.” यंत्र सध्या आमच्या गॅलरीत आहे. तेल घालून ठेवलंय. यंदा ईद आणि पाडवा पाठोपाठ आहेत, ते झाले की आंबा खाली यायला लागेल. ज्यांना हवं असेल, त्यांनी मे महिन्यात सांगावं. भाडं नाही. एक बाटली मात्र काकूंकडे पोचवायची, चिठ्ठी लावून.